काचेच्या समुद्रातलं मयत

रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचं प्रवाळांचं मत्स्यालय, पाळणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला ही सकाळ कधी ना कधी येते. दिवे लागतात, मासे मोजले जातात आणि एक कमी भरतो. मग टॉर्च घेऊन खडकांच्या सांदीकपारी धुंडाळल्या जातात, पंपाची जाळी काढून पाहिली जाते, टँकमागची फरशीही तपासली जाते, कारण काही माशांना रात्री उडी मारायची खोड असते. मासा कुठेच नसतो. काल संध्याकाळी सगळ्यांबरोबर खाणं खाल्लेला बोटभर मासा काचेच्या पेटीतून गेलेला असतो, आणि मागे खवलासुद्धा उरलेला नसतो.

आपण म्हणतो, नाहीसा झाला. पण पेटीतून काहीही आपोआप नाहीसं होत नाही. २० ग्रॅमचा मासा धरा. त्यातले १५ ग्रॅम निव्वळ पाणी. उरलेल्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, थोडी चरबी, थोडी हाडं. प्रथिनांच्या वजनात १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे या माशाच्या अंगात अर्ध्या ग्रॅमहून जरा जास्त नायट्रोजन आहे आणि फॉस्फरस ०.१ ग्रॅमच्या आतबाहेर. चिमूटभर माल. पण २०० लिटरच्या टँकमध्ये हा सगळा नायट्रोजन अमोनिया होऊन एकदम सुटला, तर लिटरमागे तीन मिलिग्रॅम अमोनिया होतो. रीफ टँकमध्ये अमोनिया शून्य दाखवावा अशी अपेक्षा असते. तीन मिलिग्रॅमला उरलेल्या माशांचीही धडगत नसते.

तरीही त्या सकाळी बहुतेक वेळा पाणी स्वच्छ असतं, प्रवाळ फुललेले असतात, बाकीचे मासे खाण्यासाठी काचेशी येऊन थांबलेले असतात. रात्री मयत झालं, त्याची विल्हेवाट लागली आणि घरमालकाला पत्ताही लागला नाही. हे कसं होतं ते बघण्यासारखं आहे.

सुरुवात वासापासून. माशाचं हृदय थांबलं तरी पेशी लगेच मरत नाहीत. साठवलेली ऊर्जा, म्हणजे एटीपी, त्या काही काळ खर्चत राहतात. नवा एटीपी तयार होत नाही. आहे तो मोडत जातो. त्याचा एएमपी होतो, मग आयएमपी, पुढे इनोसिन, हायपोझँथिन. त्याच सुमाराला पेशींमधली स्वतःचीच विकरं आतून भिंती पोखरायला लागतात आणि ग्लायसिन, टॉरिन, ग्लुटामेट अशी अमिनो आम्लं पाण्यात झिरपू लागतात. ही सगळी अक्षरशः वाचता येण्याजोगी यादी आहे. एटीपी जास्त असेल तर मांस ताजं किंवा जिवंत, एएमपी जास्त असेल तर मरून थोडा वेळ झालेला. कॅरिबियन शेवंडीच्या मिशांवर एएमपीसाठी वेगळे ग्राहक असतात. म्हणजे 'काहीतरी मेलंय' एवढ्यावर तिचं भागत नाही. मेल्याला किती वेळ झाला याचाही अंदाज तिला मिळू शकतो.

आणखी वेळ गेला की जिवाणू कामाला लागतात. समुद्री माशांच्या अंगात ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. खाऱ्या पाण्यात शरीराचा तोल सांभाळायला तो उपयोगी पडतो. जिवाणू त्यातला ऑक्सिजन काढून घेतात आणि उरतं ट्रायमिथाइल अमाइन. शिळ्या बांगड्याचा वास तो हाच. बाजारात कल्ला उचलून नाक जवळ नेणारं गिऱ्हाईक याच रसायनाचा तपास करत असतं.

टँकमध्ये हा वास सगळ्यांत आधी पोचतो वाळूत. नॅसेरियस जातीच्या गोगलगायी दिवसचे दिवस वाळूत गाडून घेऊन बसतात. वर दिसते फक्त एक बारीक सोंड, पाणी ओढून घेणारी. ती सावकाश इकडून तिकडे हलत असते. आत शिरलेलं पाणी कल्ल्यांवर जाण्याआधी ऑस्फ्रेडियम नावाच्या एका इंद्रियावरून जातं आणि तिथे त्याची परीक्षा होते. टँकच्या एका टोकाला कोळंबीचा तुकडा टाका आणि वाळूवर लक्ष ठेवा. मिनिटभरात वाळू ठिकठिकाणी उकलते आणि इतका वेळ जिथे काहीच नव्हतं तिथून पाच, सात, दहा शंख बाहेर पडून त्या तुकड्याच्या दिशेने निघतात. गोगलगायीच्या मानाने तो वेग धक्कादायक असतो. ज्याने हे पहिल्यांदा पाहिलं त्याला वाळूविषयी पुन्हा तशी खात्री वाटत नाही. हे बघायला घरात टँकच हवा असंही नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या वाळूतही बुलिया नावाच्या अशाच गोगलगायी राहतात. लाटेबरोबर वाहून आलेल्या मेल्या जिवाचा वास लागला की त्या वर येतात.

नॅसेरियस ही पहिली पंगत. तिच्या पाठोपाठ, कधी तिच्याही आधी, कोळंब्या येतात. क्लीनर श्रिंप, पेपरमिंट श्रिंप, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची बॉक्सर श्रिंप. जिवंत माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून उपजीविका करणारी म्हणून क्लीनर श्रिंपची ख्याती आहे. गिऱ्हाईक मेलं की तिला तेच गिऱ्हाईक खायला संकोच वाटत नाही. तिच्या छोट्या मिशा सारख्या झटके देत असतात. त्या मिशांवर वास घेणाऱ्या केसांची दाट रांग असते आणि प्रत्येक झटक्याला त्यांच्यात नवं पाणी शिरतं. कोळंबी हुंगते ती अशी. मग खडकाखालून ब्रिटल स्टारचा एक हात बाहेर येतो, दुसरा येतो, आणि पाच लांबलचक हातांचा प्राणी वळवळत मयताजवळ पोचतो. याला तोंड आहे पण गुदद्वार नाही. खाल्लेल्याचा चोथा आला त्याच वाटेने बाहेर जातो. सगळे आधी मऊ भाग गाठतात: डोळे, पोट, कल्ले.

शेवटची पंगत रात्रीची, आणि सगळ्यांत मोठीही. ब्रिसलवर्म. गुलाबी-करड्या, चपट्या, दोन्ही बाजूंना पांढऱ्या काटेरी केसांचे झुबके असलेल्या या अळ्या लाइव्ह रॉकच्या, म्हणजे समुद्रातून आणलेल्या जिवंत खडकांच्या, भोकांतून राहतात. टँकवाल्यांना त्या अजिबात आवडत नाहीत. केस कॅल्शियम कार्बोनेटचे, ठिसूळ. हात लागला की मोडून कातडीत रुततात आणि मग दिवसभर चुरचुरत राहतं. तोंडात जबडा नसतो. घशाचा स्नायूंचा भाग बाहेर काढून त्या मांस खरवडतात. मयत खडकाच्या आडोशाला असेल तर ते खालून कपारीत ओढत नेतात, म्हणून सकाळी टॉर्च घेऊन शोधणाऱ्याला काही सापडत नाही. मेजवानी पाच सेंटिमीटर आत चालू असते.

यांच्यातली युरिथो नावाची जात तुटली तर प्रत्येक तुकड्याची नवी अळी होऊ शकते. खाणं मुबलक असेल तर त्या वाढतात, कमी झालं की घटतात. म्हणून मला त्यांच्या संख्येचा राग यायचं कारण कळत नाही. टँकमध्ये शेकडो ब्रिसलवर्म झाले असतील तर त्यांना पोसणारं उरलंसुरलं अन्नही तेवढं पडत असलं पाहिजे. ते टाकणारा हात कोणाचा?

इथे वासाचीच आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते. समजा मासा नाही, गोगलगायच मेली. तिचं मांस पाण्यात विरघळू लागलं. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या चिखलात नॅसेरियसची एक नातेवाईक राहते. माशाच्या मांसाचा वास आला की ती धावते, पण स्वतःच्या जातीच्या चिरडलेल्या गोगलगायीचा वास आला की उलटी फिरून चिखलात शिरते. १९७० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं की दोन्ही वास एकत्र आले तर भीतीचा वास भुकेवर मात करतो. तोच वास हर्मिट क्रॅबला पोचला तर? हा खेकडा दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहतो, आणि अंग वाढलं की त्याला मोठा शंख लागतो. डॅनियल रिट्शॉफ यांनी १९८० मध्ये दाखवलं की शिकारी प्राणी गोगलगाय खात असतात तिथे हर्मिट क्रॅब वासाने गोळा होतात. मांस पचताना प्रथिनांचे बारीक तुकडे, म्हणजे पेप्टाइड, पाण्यात सुटतात. त्यांना ते ओळखतात. ते येतात घरासाठी. मोठा शंख रिकामा झाला की एक खेकडा आपलं घर सोडून त्यात शिरतो, त्याचं सोडलेलं घर त्याहून लहान खेकड्याला मिळतं, त्याचं आणखी लहानाला. एका मृत्यूने सलग चार-पाच जणांचं बिऱ्हाड हललेलं असतं. म्हणजे एकच मयत, एकाच पाण्यातून, एकाला पळ म्हणतो, दुसऱ्याला जागा रिकामी झाली म्हणतो, आणि ब्रिसलवर्मला जेवायला ये म्हणतो.

मासा सापडलाच, तरी सकाळी दृश्य मात्र फक्त शेवटचं दिसतं. मासा पडलेला आणि त्यावर दहा अळ्या, दोन खेकडे आणि एक ब्रिटल स्टार. साहजिकच खुनाचा आळ यांच्यावर येतो. बहुतेक वेळा तो खोटा असतो. निरोगी माशाला पकडण्याची ब्रिसलवर्मची ऐपत नाही. मासा आधीच मेलेला किंवा मरणपंथाला लागलेला असतो. हिरव्या-निळ्या क्रोमिस माशांचा सहा-सातचा थवा आणला की तो महिन्यागणिक एकेकाने कमी होत जातो, हा जगभरच्या टँकवाल्यांचा अनुभव. तिथे बरेचदा थव्यातलेच बलवान मासे दुबळ्याला छळून संपवतात आणि आरोपीच्या पिंजऱ्यात मात्र खेकडा उभा राहतो.

पण 'बहुतेक' हा शब्द मी जपून वापरला आहे. हिरवा ब्रिटल स्टार, ओफिआरॅक्ना इन्क्रॅसाटा, दुकानात सफाईवाला म्हणूनच विकला जातो. मोठा झाल्यावर तो रात्री हातांवर उभा राहून अंगाखाली पोकळी करतो. आसरा शोधणारा लहान मासा त्या पोकळीत झोपायला शिरतो आणि मग हात पिळत पिळत खाली येतात. अटलांटिकमधली दाढीवाली फायरवर्म मेलेलं खाते तसेच जिवंत प्रवाळही खाते. सिरोलॅनिड आयसोपॉड मढ्यावर ताव मारतात आणि रात्री जिवंत माशाला चिकटून त्याचंही मांस तोडतात. सगळ्यांत फसवा आहे युरोनीमा, डोळ्याला न दिसणारा केसाळ एकपेशी जीव. तो वर्षानुवर्षं वाळूत जिवाणू आणि कुजकं खाऊन सज्जनासारखा राहतो. थकलेला, खरचटलेला मासा सापडला, विशेषतः क्रोमिस, की त्याच्या कातडीखाली शिरून त्याला आतून खातो. मेलेलं खाणारा आणि मारून खाणारा यांच्यात समुद्राने पक्की भिंत कधी बांधलेलीच नाही.

आता हिशेबाकडे परत येऊ, कारण इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. या प्राण्यांना 'क्लीनअप क्रू' म्हणतात, आणि त्यांनी मासा खाल्ला म्हणजे घाण गेली असं मानलं जातं. घाण कुठेच गेलेली नसते. गोगलगायीने मांस खाल्लं, त्यातला काही भाग तिच्या अंगी लागला, बराचसा जळाला, आणि नायट्रोजन अमोनिया होऊन तिच्याच शरीरातून पाण्यात आला. कोळंबीचं तेच, अळीचंही तेच. मासा होता तेव्हा नायट्रोजन एका जागी होता, आता तो शंभर जागी वाटला गेला, एवढाच फरक.

पण हा फरकच जीवनमरणाचा आहे, आणि त्याचं कारण ऑक्सिजन. २५ अंश सेल्सिअसला समुद्राच्या लिटरभर पाण्यात जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. २०० लिटरच्या टँकमध्ये एकूण किती? साधारण १.३५ ग्रॅम. आता २० ग्रॅमच्या माशातली प्रथिनं आणि चरबी पूर्ण जाळायला आणि निघालेला अमोनिया नायट्रेटपर्यंत न्यायला लागणारा ऑक्सिजन मोजला तर तो आठ-दहा ग्रॅम भरतो. टँकभर पाण्यात विरघळलेल्या सगळ्या ऑक्सिजनच्या सहा-सात पट! एका माशाचं ऋण फेडायला टँकचं अख्खं भांडवल सहा वेळा लागतं. मयत एका कपारीत तसंच पडून राहिलं तर तिथले जिवाणू मिनिटांमिनिटांनी दुप्पट-चौपट होतात असं नाही, पण तासातासाने नक्की वाढतात. आसपासचा ऑक्सिजन संपतो, पाणी दुधाळ होतं आणि पहाटे, जेव्हा प्रकाशसंश्लेषण बंद असतं, तेव्हा बाकीचे मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. तेच मांस शंभर तोंडांनी शंभर ठिकाणी नेलं, पोटात दिवसभर सांभाळलं, सावकाश जाळलं, तर पृष्ठभागावरून येणारा ऑक्सिजन पुरा पडतो. सफाईवाल्यांचं खरं काम हे आहे: कर्जाचे हप्ते पाडून देणं.

अमोनियाचंही असंच. पाण्यात तो दोन रूपांत असतो. अमोनियम मासा बऱ्यापैकी सोसतो, मोकळा अमोनिया कल्ल्यांतून थेट आत शिरतो. सामू एका अंकाने वाढला की मोकळ्या अमोनियाचा वाटा जवळजवळ दहापट होतो. गोड्या पाण्याच्या टँकचा सामू सात असेल, तर रीफचा आठाच्या वर. म्हणून तेवढंच मयत खाऱ्या पाण्यात जास्त विषारी पडतं.

हा अमोनिया पुढे कोण उचलतो, त्या उत्तराचा एक अध्याय एका मत्स्यालयातच लिहिला गेला. शंभरेक वर्षं असं मानलं जात होतं की अमोनियाचं ऑक्सिडीकरण ठरावीक जिवाणूच करतात, आणि समुद्रातही तेच करत असावेत. २००५ मध्ये मार्टिन क्योन्नेके, डेव्हिड स्टाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक वेगळाच जीव जाहीर केला. तो जिवाणू नव्हता, आर्किया होता, म्हणजे जीवसृष्टीच्या वेगळ्याच शाखेतला. लांबी मायक्रोमीटरहून कमी, अन्न म्हणजे फक्त अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड. त्याचं नाव नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस. त्याला शोधायला कोणी खोल समुद्रात गेलं नव्हतं. तो मिळाला सिॲटल ॲक्वेरियममधल्या उष्णकटिबंधीय समुद्री टँकमधून. पुढे लक्षात आलं की त्याचे भाऊबंद जगभरच्या महासागरांत पसरलेले आहेत आणि पृथ्वीवरच्या सर्वाधिक संख्येच्या जिवांमध्ये मोडतात. याची भूकही विलक्षण बारीक. २००९ मध्ये मोजमाप झालं तेव्हा दिसलं की लिटरमागे दोन-तीन मायक्रोग्रॅम अमोनियावरही तो निम्म्या वेगाने काम करू शकतो. बाजारातल्या टेस्ट किटला ज्या पाण्यात काहीच दिसत नाही, त्यात याला जेवण दिसतं.

असे जीव अमोनियाचं नायट्राइट करतात, मग दुसरे त्याचं नायट्रेट. जुन्या पुस्तकांत या दुसऱ्या कामाचं श्रेय नायट्रोबॅक्टरला दिलेलं आढळेल. १९९० च्या दशकात टिमोथी होव्हनेक यांनी गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांतून डीएनए तपासला तेव्हा तिथे सापडला नायट्रोस्पिरा. आमच्या मेलेल्या माशाच्या अर्ध्या ग्रॅम नायट्रोजनचं इथवर सगळं नायट्रेट झालं तर लिटरमागे ११-१२ मिलिग्रॅम भरेल. मासे हे सहज सोसतात.

आणि मग सच्छिद्र खडकाच्या पोटात, वाळूच्या चार-पाच सेंटिमीटर खाली, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटच श्वासाला वापरतात. त्यांच्या उच्छ्वासात नायट्रोजन वायू असतो. जाड वाळूच्या टँकमध्ये काचेला टेकून पाहिलं तर वाळूत अडकलेले बारीक बुडबुडे दिसतात. त्यांतले काही याचे असतात. बुडबुडा सुटतो, वर येतो, फुटतो. मासा, किंवा त्याचा बराचसा नायट्रोजन, आता दिवाणखान्याच्या हवेत आहे. या हवेत ७८ टक्के तोच वायू असल्याने कोणाला काही वेगळं जाणवत नाही.

फॉस्फरसला ही सोय नाही. त्याचा वायू होऊन उडून जाण्याचा रस्ता टँकमध्ये नाही. बराचसा हाडांत आणि खवल्यांत कॅल्शियम फॉस्फेट होऊन बसलेला असतो. तो हळूहळू सुटतो आणि प्रवाळाच्या सांगाड्यासारख्या कॅल्शियमयुक्त खडकांना चिकटून राहतो. मग महिन्यांनी, पाण्यातला फॉस्फेट कमी केल्यावर, खडक तो परत सोडू लागतात. मासा कधीचा विसरला गेलेला असतो आणि काचेवर शेवाळ का येतंय हे मालकाला उमगत नाही. ही एक वस्तू माणसालाच उचलावी लागते: पाणी बदलून, फॉस्फेट शोषणारा माल वापरून, किंवा वेगळ्या कप्प्यात शेवाळ वाढवून ते कापून फेकून. स्किमर हे फेस काढणारं यंत्रही थोडा भार उचलतं. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत न मिसळता बारीकच राहतात, प्रथिनांचे रेणू त्यांना चिकटतात, फेस वरच्या भांड्यात साठतो. ते भांडं धुताना जो वास येतो त्याबद्दल न लिहिलेलं बरं.

काचेच्या पेटीत मृत्यूचा बंदोबस्त करावा लागतो, हे या छंदाच्या जन्मातच लक्षात आलं होतं. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ मध्ये काचेच्या भांड्यात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाची रोपं ठेवली. कल्पना अशी की वनस्पती ऑक्सिजन देतील, मासे कार्बन डायऑक्साइड देतील आणि तोल सांभाळला जाईल. तोल बिघडला. जुनी पानं कुजली, पाणी गढूळ झालं, मासे धोक्यात आले. वॉरिंग्टन यांनी तळ्यातल्या काही गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि बुळबुळीत शेवाळ खाऊन पाणी नितळ केलं, वर त्यांची अंडी आणि पिल्लं माशांच्या पोटात गेली. १८५० मध्ये त्यांनी हे केमिकल सोसायटीपुढे मांडलं. मत्स्यालय ही गोष्ट टिकाऊ ठरली ती दोन पात्रांत तिसरं, कुजकं खाणारं पात्र आल्यावर. खाऱ्या पाण्यात हाच धडा १९६१ मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी लिहून ठेवला. समुद्रातून आणलेले जिवंत खडक, वाळू, प्रवाळ आणि हवेचे बुडबुडे. वेगळी गाळणी नाही. त्या खडकांबरोबर न बोलावलेले शेकडो जीव आले, आणि खरं काम त्यांनी केलं. आपल्या किनाऱ्यावर ली यांची नक्कल करायला जाऊ नका. प्रवाळ आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत आणि ते समुद्रातून उचलणं गुन्हा आहे.

खऱ्या प्रवाळभिंतीवर पोहणाऱ्यालाही मेलेला मासा क्वचितच दिसतो. तिथे मरायला सवड नसते. २०१९ मध्ये सायमन ब्रँडल आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये हिशेब मांडला की भिंतीवर खाल्ल्या जाणाऱ्या माशांच्या मांसापैकी जवळजवळ ६० टक्के मांस फटींत राहणाऱ्या पिटुकल्या माशांचं असतं, जे बहुतेक पाणबुड्यांच्या नजरेलाही पडत नाहीत. त्यांच्यातला एक, इव्हिओटा सिजिलॅटा, फार तर ५९ दिवस जगतो. पृष्ठवंशी प्राण्यांत इतकं लहान आयुष्य दुसऱ्या कोणाचं नोंदलेलं नाही. भिंतीभोवतीचं पाणी पोषणाच्या दृष्टीने जवळपास वाळवंट, आणि भिंत मात्र गच्च भरलेली, हे कोडं डार्विनच्या नावाने ओळखलं जातं. कोड्याचं बरंचसं उत्तर याच घाईत आहे: काही पडायच्या आत कोणीतरी झेललेलं असतं. पाण्यात विरघळून निसटलेलंसुद्धा सुटत नाही. यास्पर डे खुय यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की कपारींतले स्पंज विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य शोषतात, स्वतःच्या पेशी भराभर टाकून देतात, आणि तो झडलेला भुगा गोगलगायी-खेकड्यांचं अन्न होतो. प्रवाळही हात पसरून बसलेले असतात. १९८३ मध्ये कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटाजवळ दिसलं की ज्या प्रवाळांच्या डोक्यावर ग्रंट माशांचे थवे दिवसा विसावतात, ते प्रवाळ माशांच्या मलमूत्रातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर जास्त जोमाने वाढतात. तेव्हा घरातल्या टँकमध्ये मेलेल्या माशाचा थोडा अंश शेजारच्या प्रवाळातही गेलेला असणार, याबद्दल शंका नको.

हे सगळं यंत्र कोलमडतं केव्हा? मयत मोठं असेल तेव्हा. वीतभर टँग मासा मेला तर त्याला शोधून बाहेर काढावंच लागतं. हप्ते पाडायलाही मर्यादा असते. मोठं समुद्रफूल मेलं तर ते काही तासांत चिखल होऊन विरघळतं, आणि पंपाच्या तोंडात सापडलं तर टँकभर फवारलं जातं. समुद्री काकडीची गोष्ट आणखी वाईट. वाळू साफ करायला म्हणून आणलेल्या काही जातींच्या अंगात होलोथ्युरिन नावाचं विष असतं. ती फाटली किंवा घाबरून तिने आतडी बाहेर टाकली तर माशांना जगणं कठीण होतं. अशा वेळी मोठ्या प्रमाणावर पाणी बदलणं आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन टाकणं, दोन्ही लगेच.

मासा लहान असेल आणि सापडत नसेल, तर मात्र खडक उपसू नये. त्या उलथापालथीने वाळूच्या तळची ऑक्सिजनविरहित घाण वर येते आणि मेलेल्यापायी जिवंत जातात. अमोनिया मोजावा, दुसऱ्या दिवशी परत मोजावा, पृष्ठभाग चांगला ढवळला जातोय ना ते पाहावं.

आणि एक तक्रार. अमुक लिटरला तमुक गोगलगायी, इतके खेकडे, असे तयार संच विकले जातात. नव्या, स्वच्छ टँकमध्ये त्यांना खायला काहीच नसतं. नॅसेरियसला शेवाळ चालत नाही, तिला मांसच लागतं. ते मिळालं नाही तर ती वाळूत उपाशी मरते आणि वाळूतच कुजते. ॲस्ट्रिआ गोगलगाय पाठीवर पडली की तिला सहसा उलटता येत नाही, आणि घराच्या शोधातला हर्मिट क्रॅब तिच्या मरणाची वाट पाहीलच असं नाही. साफसफाईला आणलेली मंडळी अशी स्वतःच मयत होतात. त्यापेक्षा थोडी आणावीत, आणि खाणं उरतंय असं दिसलं तरच वाढवावीत.

पालथी पडलेली गोगलगाय जिवंत आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. ती दोन-दोन दिवस निपचित राहू शकते. तिला सरळ करून ठेवा. सकाळपर्यंत हलली नाही तर पाण्याबाहेर काढून शंखाच्या तोंडाशी वास घ्या. मेली असेल तर दुसरं काही विचारावं लागत नाही. शंख धुऊन परत टँकमध्ये टाका, खेकड्यांना लागतो.